तारेला दुसरं नाव

ज्या दिवशी सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या दातांना तार बसवली, त्या दिवशी संध्याकाळी आईने बांगड्या फोडल्या. वडील तेव्हा इटलीत होते. त्यांना काही झालं नव्हतं.

हे लिहायला मी आई गेल्यानंतर बसले आहे. ती असताना हा विषय आमच्या घरात निघत नसे. तिला नेलं त्या सकाळी माणसं जमली होती आणि मी दारात तोंडावर हात धरून उभी होते. शेजारच्या एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडून घ्या, बाई. मोकळं व्हा." मी रडत नव्हते. चार माणसं समोर आली की माझा हात तोंडावर जातो, तो लहानपणापासून जातो, आणि त्या दिवशीही गेला होता. त्या बाईंना हे काय सांगणार? मी मान हलवली. पण तेव्हापासून मला ती बांगड्यांची संध्याकाळ सारखी आठवते. त्याही वेळी माझा हात तोंडावर होता, आणि त्याही वेळी बायकांना वाटलं होतं की मी रडते आहे.

आमचं गाव कराडहून पाटणला जाताना कोयनेच्या काठाला लागतं. काळी जमीन, नदीकडेला ऊस, वर जोंधळा आणि भुईमूग. घरटी एक तरी माणूस पलटणीत. आमच्या घरातून वडील गेले होते. घरात थोरले चुलते, म्हणजे आबा, त्यांच्याकडे शेती. आणि आई आणि मी. चुलती मी जन्मायच्या आधीच वारली होती.

माझे वरचे पुढचे दात ओठांत मावत नसत. मी अंगठा चोखायची, आणि पुष्कळ मोठी होईपर्यंत चोखायची. आईने अंगठ्याला कडुलिंबाचा पाला वाटून लावला, कोरफडीचा चीक लावला, शेवटी झोपताना हाताला फडकं बांधलं. अंगठा सुटला तेव्हा दुधाचे दात पडून नवे आले होते, आणि नवेही त्याच वाटेने पुढे निघाले होते. पडलेले दात आईने रीतीप्रमाणे शेणाच्या गोळ्यात घालून कौलांवर टाकले होते. शेजारच्या घरातली नानी, आमच्या आळीतली सगळ्यात बोलकी बाई, म्हणायची, "हिनं वाकडं फेकलं, म्हणून पोरीचं वाकडं आलं." आई ते ऐकून घ्यायची. तिलाही ते थोडं खरं वाटत असावं.

शाळेत मला फावडी म्हणत. उसाच्या दिवसांत पोरं म्हणायची, "हिला न्या रं फडात, कोयता लागायचा न्हाई." पाऊस भुरभुरू लागला की कोणीतरी ओरडायचंच, "पळ गं, तुजं दात भिजत्यात." त्या हसण्यात वाईट मन होतं असं नाही. मीही हसायची, हात तोंडावर घेऊन.

खरी अडचण बोलण्याची होती. माझे ओठ एकमेकांना टेकत नसत. खालचा ओठ वर जायचा तो दातांना लागायचा, त्यामुळे प, ब, म ही अक्षरं माझ्या तोंडून नीट निघत नसत. वडिलांना मी बापू म्हणायची. ते 'वाफू' असं बाहेर पडायचं. लहान होते तोवर सगळ्यांना गंमत वाटे. बापू रजेवर आले की वेशीतूनच ओरडत, "वाफू आला रं!" मी मोठी झाले तशी ती गंमत राहिली नाही. वर्गात वाचायला उभं केलं की मी पुस्तकाने तोंड झाकायची. मनात मात्र मी भराभर वाचायची. मिळेल ते वाचायची, आलेल्या सामानाच्या पुड्यांचे कागदसुद्धा.

आईला आणि आबांना वाचता येत नव्हतं. बापूंची पत्रं मीच वाचून दाखवायची. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की इकडे पलटणीत दातांचा निराळा डॉक्टर असतो, पुढे आलेले दात मागे घेता येतात असं तो म्हणतो, सांगलीला असा कोणी असेल तर पोरीला दाखवावं. पुढे लिहिलं होतं, "मी परत येईन तेव्हा तिने मला नीट हाक मारावी. शिकून मास्तरीण व्हायचं तर तोंड मिटलं पाहिजे." माझ्याच दातांचं हे मी माझ्याच तोंडाने घरच्यांना वाचून दाखवलं. आई चुलीकडे बघत होती. आबा म्हणाले, "त्यो तिकडं लढाईत हाय का दात मोजाय गेलाय?" पण धाकट्या भावाचा शब्द त्यांनी कधी मोडला नाही. त्यांनी चौकशी केली, आणि सुगी आटपल्यावर आम्ही निघालो.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे शेगडीचं पिंप लावलेलं असे, आणि चढ आला की आम्हा उतारूंना खाली उतरून चालावं लागे. सांगलीला पोचेपर्यंत आबांच्या धोतराला आणि माझ्या परकराला काजळी धरली होती. डॉक्टरांचा दवाखाना पेठेत, हळदीच्या एका अडतीच्या वरच्या माडीवर होता. जिन्यात पाय ठेवला तरी नाकात हळदीचा खकाणा जाई. वर एक उंच खुर्ची, पायाने चालवायचं दात कोरायचं यंत्र, आणि फळीवर माणसांच्या दातांचे पांढरे साचे ओळीने मांडलेले. जिभा नसलेली, ओठ नसलेली ती तोंडं बघून मी जिन्याकडे वळले होते. आबांनी खांद्याला धरून मला खुर्चीत बसवलं.

डॉक्टर कलकत्त्याला शिकून आले होते. मऊ बोलायचे. त्यांनी आरसा आत घालून बराच वेळ बघितलं. आबाही वाकून बघू लागले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ बैलांचे दात बघून खरेदी केली होती. ते म्हणाले, "अजून जुळली न्हाई, व्हय?" जुळला म्हणजे बैलाला सगळे दात आले. डॉक्टरांना ते कळलं आणि हसू आलं. मी डोळे मिटून घेतले.

"दात पुढे आहेत हे एक," डॉक्टर म्हणाले, "पण खालचा जबडाही मागे आहे. खालचे दात वर टाळूला टेकतात. हिचा चाव बरोबर नाही."

"न्हाई, न्हाई," आबा घाईने म्हणाले, "चावत न्हाई ती कुणाला. लय गरीब पोर हाय."

मग डॉक्टरांनी बाकावर आबांच्या शेजारी बसून समजावून सांगितलं. काही न करणं हा एक मार्ग आहे. जेवता येतं, जगता येतं, पुष्कळ जण तसेच राहतात. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या दोन्ही बाजूंचा, सुळ्यामागचा एकेक दात काढायचा, म्हणजे जागा होते, आणि मग पुढचे दात त्या जागेकडे मागे न्यायचे. तिसरा, मुंबईला न्यायचं. तिथे दातादातांवर धातूचे पट्टे पक्के बसवतात आणि त्यांना तार जोडतात. काम चोख होतं, पण पोरीला दीड-दोन वर्षं तिकडेच राहावं लागेल, आणि लढाईमुळे बाहेरून माल येत नाही. चौथा मार्ग त्यांना इथे करता येण्यासारखा होता. टाळूला बसेल अशी लाल रबराची पट्टी करायची आणि तिच्यातून पुढच्या दातांवरून एक तार घ्यायची. तार दातांना हळूहळू मागे दाबते. महिन्याच्या महिन्याला यायचं, म्हणजे ती आवळून देता येईल. पट्टी काढता-घालता येते.

"आणि तीच तिची खोड आहे," ते म्हणाले. "तोंडात ठेवली तर काम करते. फळीवर ठेवली तर करत नाही. सगळं लावणाराच्या हातात."

दात काढायचं आबांना अजिबात पटलं नाही. "चांगलं दात कुणी काढतंय व्हय? किंमत पडंल की पोरीची." मुंबई शक्य नव्हती. तेव्हा रबराची पट्टी ठरली. डॉक्टरांनी गरम पाण्यात मऊ केलेला तपकिरी लगदा माझ्या तोंडात दाबून ठसा घेतला, आणि पट्टी तयार झाल्यावर या म्हणून सांगितलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी ती बसवली. टाळूवर एक जाड, गार वस्तू चिकटली, आणि पुढच्या दातांवर तार ताणली गेली. तोंडात पाणी सुटलं ते थांबेना. डॉक्टर म्हणाले, "एरवी जेवताना काढायची, धुवायची, परत लावायची. पण आज उद्यापर्यंत अजिबात काढू नकोस. तोंडाला ओळख होऊ दे." मी मान हलवली. सांगितलेलं अक्षरश: करायचं, ही माझी शाळेतली खोड होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गावात तार म्हटलं की एकच गोष्ट होती. तार कराडला यायची आणि तिथून शिपाई सायकलीवर घेऊन यायचा. लग्नाची, बाळंतपणाची, पिकाची खबर गावाला कधी तारेने आली नाही. ती माणसांबरोबर यायची नाहीतर पत्रातून यायची. तार आली म्हणजे पलटणीतला माणूस गेला. लढाई सुरू झाल्यापासून आमच्या आळीत ती एकदा आली होती, नानीच्याच घरी, तिच्या भाच्याची. कुंपणाला लावायची तार, वीणेची तार, अशा तारा जगात असतात हे आम्हाला ठाऊक होतं. पण बायका तो शब्द तोंडात घेत नसत. वाळत घालायच्या तारेलासुद्धा आई दोरी म्हणायची.

मोटारीने कराड, तिथून गावच्या बैलगाडीने आम्ही वेशीपर्यंत आलो. आबा गाडीवानाशी बोलत तिथेच थांबले. मला दम नव्हता. दात ठणकत होते, लाळ गळत होती, आणि बायका दारात येऊन बसायच्या आत मला घरात शिरायचं होतं. मी हाताने तोंड घट्ट दाबून आळीतून पळत निघाले. दारापाशी नानी पाण्याची घागर घेऊन उभी होती.

"काय गं? काय झालं? आबा कुठं हायत?"

मला सांगायचं होतं, तार बसवली. त्यातला पहिला शब्द निघाला. पुढच्या शब्दाच्या 'ब'ला ओठ मिटायला गेले आणि तारेवर आपटले. तोंडातलं पाणी हनुवटीवरून खाली आलं. मी शरमेने पुन्हा हात दाबला. डोळ्यांत दुखण्याचं पाणी होतंच.

नानीने घागर सोडली. तिचा तो आवाज मी आधी एकदा ऐकला होता, तिच्या भाच्याच्या वेळी. आळीतली दारं उघडली. "तार आली गं, पलटणीतली तार आली!" बायका घरात घुसल्या. मी त्यांच्यामागून आत गेले तेव्हा आई परसातून धावत येऊन मधल्या उंबऱ्याशी उभी होती. तिने नानीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात तोंडावर होता. तिने मला काही विचारलं नाही. ती खाली बसली, आणि दोन्ही मनगटं तिने उंबऱ्यावर आपटली. मग पदराने कपाळ पुसलं. गळ्यातलं डोरलं तिच्या मुठीत होतं, ते मात्र तुटलं नाही.

मला पट्टी काढता आली असती. एक हात आत घातला असता तर ती निघाली असती आणि मी बोलले असते. पण डॉक्टरांनी काढू नको म्हटलं होतं, आणि तोंड उघडलं असतं तर ते सगळं त्या बायकांना दिसलं असतं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

आबा आले. "आरं काय झालं? कोण गेलं?"

"तार आली न्हवं!"

"कुटली तार? कुनाला तार? आगं, पोरीच्या दाताला तार बसवलीया!"

कोणाला काही कळेना. आबांनी माझा हात धरून खाली ओढला. "तोंड उघड. दाव समद्यांना."

मी तोंड उघडलं. दिवेलागणीची वेळ होती. कोणीतरी चिमणी उचलून माझ्या तोंडासमोर धरली. सगळी आळी वाकून माझ्या दातांकडे बघत होती. तार चमकली असावी. मागे उभी असलेली एक तरणी सून खुदकन हसली, आणि मग हसणं थांबेनाच. सुटकेचंच हसणं होतं ते, आता मला कळतं. नानीसुद्धा डोळे पुसत हसत होती. "आगं बया! दाताची तार!" आई तेवढी हसली नाही. ती उंबऱ्याशीच बसलेली होती, कपाळ पांढरं, मनगटांवर रक्ताच्या बारीक रेघा. तीही माझ्या तोंडाकडे बघत होती.

आबांनी बायकांना बाहेर काढलं. जाणाऱ्यांना ते दरडावून सांगत होते, "वाढल्या म्हणायचं. काम करताना वाढल्या. कळलं का?" बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, सवाशिणीच्या हातातली बांगडी कुठे तरी लागून जाते तेव्हा तो शब्द वापरतात. आबांनी आईच्या बांगड्या त्या एका शब्दाने परत जोडायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कासार बोलावला. आईने हात पुढे केला. कासाराने मनगटांकडे बघितलं आणि हिरवा चुडा भरला. आईने कुंकू लावलं. पण गावात ते पसरायचं ते पसरलं. जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं. संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आईपुढे आल्यावर बायकांची बोटं करंड्यावर क्षणभर थांबायची. मी शेजारी बसलेली असायची. मला ते थांबणं दिसायचं, आणि ते कोणामुळे हेही ठाऊक असायचं.

आई मला कधी रागावली नाही. उलट ती म्हणायची, "बापानं सांगितलंया, लाव." मी लावायची. मग टपाल येण्याचा वार आला. टपाल आणणारा शिपाई तोच, तारेचा. सकाळपासून आई आत-बाहेर करत होती. शेवटी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "शिपाई येऊन जाईस्तवर काढून ठेव गं ते." तारेच्या घरात तार येते, असं काहीसं तिच्या मनात असावं. माझ्याही मनात तेच होतं. मी काढून कोनाड्यात ठेवली. त्या दिवशी शिपाई आला आणि आमच्या दारावरून पुढे गेला. पुढच्या टपालाच्या दिवशी तिला सांगावं लागलं नाही. मग कोणी बाई बसायला आली की मी काढायची. मग शाळेत जाताना. मग सायकलची घंटा कुठेही वाजली की. आई बघायची आणि परत कामाकडे वळायची. कोनाड्यासमोरून जाताना आम्ही दोघी तिकडे बघत नसू.

आबांनी पुन्हा सांगलीला यायचं नाकारलं. म्हणून आवळून घ्यायला आई स्वत: मला घेऊन गेली. ती पहिल्यांदाच सांगलीला आली होती. माडीवरच्या बाकावर ती पदर कपाळापर्यंत ओढून, हिरव्या बांगड्यांचे हात मांडीवर ठेवून बसली.

डॉक्टरांनी माझं तोंड बघितलं, फळीवरून माझा साचा काढला, शेजारी धरला. "तार टोचते का?" त्यांनी विचारलं. आईचे हात एकदम आवळले गेले. ते आपले बोलतच राहिले. तार सैल आहे, तार आवळतो, तार जपायची, लढाईत चांगली तार मिळत नाही. आई शेवटी उठून उभी राहिली.

"आवं डॉक्टर, त्येला दुसरं काय नाव न्हाई व्हय?"

"कशाला?"

"त्येलाच. तुमी सारखं म्हणताय ते."

डॉक्टरांना काही समजेना. मी खुर्चीत तोंड उघडून पडले होते, मला सांगता येईना. आईनेच सांगितलं, खाली बघत, मोजक्या शब्दांत. माणूस इटलीत हाय. आमच्याकडं त्या शब्दाचा अर्थ येगळा हाय. तिने बांगड्यांचं सांगितलं नाही. पण डॉक्टर तिच्या मनगटांकडे बघत होते, आणि त्यांना कळलं असावं. हातातली पक्कड त्यांनी खाली ठेवली.

"स्प्रिंग म्हणा," ते म्हणाले. "स्प्रिंगसारखीच काम करते ती. आपण तिला स्प्रिंग म्हणू."

"शिप्रिंग," आई म्हणाली. तिला तो शब्द बरा वाटला. त्या संध्याकाळनंतर मी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालेलं बघितलं.

मग डॉक्टर म्हणाले, "पण बाई, ही लावत नाही पट्टी. एवढ्यात दात थोडे तरी हलायला हवे होते. साच्यात आणि तोंडात काडीचा फरक नाही."

"लावती की," आई म्हणाली.

"दिवसरात्र?"

"दिवसरात."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघत होते. आईला खोटं बोलता येत नसे. तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि तो तसा झाला होता. आम्ही परतीच्या मोटारीने निघालो. चढावर सगळे उतरले तेव्हा तिने माझा हात धरला आणि आम्ही मोटारीमागून चालत राहिलो.

नाव बदलून फारसं काही झालं नाही. शिप्रिंगही टपालाच्या दिवशी कोनाड्यातच जायची. पुढे पावसाळ्यात रस्ता बंद झाला, सांगली राहिली, आणि केव्हातरी मी पट्टी लावायला गेले तर हिरड्या दुखू लागल्या, ती नीट बसेना.

लढाई संपल्यावर बापू आले. वेशीतून ते ओरडले नाहीत. मोटारीच्या धुळीने असेल, पण तोंडाला रुमाल लावून ते आळीतून आले. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. आबांनी वाटेत त्यांना सगळं सांगितलं होतं. ओसरीवर टेकताच ते आईला म्हणाले, "काय गं, मला मारून मोकळी झालतीस म्हनं?"

आई हसली नाही. बापू स्वत:च मोठ्याने हसले, रुमाल खाली आला, आणि आई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू लागली. त्यांचे वरचे दात सरळ, सारखे आणि फार पांढरे होते.

"आवं, ह्ये दात कुणाचं?"

"सरकारी हायत," बापू म्हणाले, आणि अंगठ्याने ते काढून त्यांनी तळहातावर घेतले. लाल रबराची पट्टी होती, माझ्यासारखीच, तिला पुढे दात लावलेले. लॉरी उलटली होती, तोंड लोखंडावर आपटलं होतं. पत्रात लिहायची त्यांना लाज वाटली होती. पलटणीतल्या त्या दातांच्या डॉक्टराकडे ते स्वत:च जाऊन बसले होते, आणि तिथे बसल्या बसल्या त्यांना माझे दात आठवले होते.

आईने वाकून ती पट्टी नीट बघितली. "म्हंजी जिवावरचं दातावर निभावलं," ती म्हणाली. "माज्या बांगड्या तुमच्या दातांवर गेल्या." आणि ती हसली, पदर तोंडाशी धरून, त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा.

मग बापू माझ्याकडे वळले. दात नसलेल्या तोंडाने म्हणाले, "आता हाक मार बघू."

मला पळून जायचं होतं. मी ओठ मिटायचा प्रयत्न केला. "वाफू," मी म्हणाले.

त्यांची नजर माझ्या दातांवर गेली. आई मध्येच म्हणाली, "लावत हुती आवं. जमलं न्हाई." तिचा आवाज बारीक झाला होता. बापूंनी कोनाड्याकडे बघितलं, तिथल्या लाल पट्टीकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी आपली पट्टी तोंडात परत बसवली. त्यानंतर त्यांनी माझ्या दातांचं नाव काढलं नाही. मी कितीदा तरी ठरवलं की त्यांना टपालाच्या दिवसांबद्दल सांगावं. पण ते सांगायचं तर आईचं सांगावं लागलं असतं.

मी सातवीची फायनल पास झाले. मास्तरणीच्या जागेसाठी साताऱ्याला तोंडी परीक्षा होती. मला एक उतारा वाचायला दिला. दोन ओळी वाचल्या आणि हात तोंडावर गेला, तो खाली आला नाही. परीक्षक सभ्य होते, "बसा" म्हणाले. पुढे कराडला एका वाचनालयात मला काम मिळालं. तिथे पुस्तकं द्यायची आणि घ्यायची, बोलावं फार लागत नाही. लग्नाची दोन ठिकाणं आली आणि गेली. कारण दातच, असं तोंडावर कोणी म्हणालं नाही.

बापू म्हातारे होऊन घरातच गेले. तेव्हा बायका रीतीप्रमाणे आईजवळ आल्या. आई म्हणाली, "माज्या फोडून झाल्यात मागंच." आणि तिने एकेक बांगडी हातातून उतरवून माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. एकही फुटू दिली नाही. पुढची वर्षं ती माझ्याजवळ कराडला होती. जाण्याआधी काही दिवस तिला बोलवत नव्हतं. एकदा तिने माझा हात माझ्या तोंडावरून काढून स्वत:च्या हातात धरला. मी तसाच राहू दिला. ती झोपली, आणि पाणी आणायला उठताना मी तो परत घेतला.

आता घरात मी आहे. माझे दात पुढेच आहेत, आणि बापू हा शब्द मला अजून नीट म्हणता येत नाही. पट्टी आईच्या पितळी डबीत आहे. रबर टणक झालं आहे. ती माझ्या तोंडात बसत नाही.